येतो, कोच

“ओस्टरमन, शाळेत आकडे शिकलास की नाही रे? दहाच आहेत मैदानात!”

माझ्या मागच्या बाकावरून हे ओरडणं आलं आणि त्यासोबत मक्याच्या चार लाह्या माझ्या कॉलरमध्ये पडल्या. मी वळले नाही. कोचच्या बायकोनं वळायचं नसतं. वळलं की ओरडणाऱ्याला चेहरा येतो, आणि तो बहुतेक वेळा आपला दंतवैद्य निघतो.

खाली कडेच्या रेषेवर लायल ओस्टरमन, माझा नवरा, बोट हलवत मोजत होता. प्रत्येक डावाआधी तो मोजतो. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये दर डावाला पोरं आत-बाहेर पळत असतात. बचावाला अकरा लागतात. बारा झाले तर दंड, दहा झाले तर दंड नाही, पण नुकसान आपलंच. लायलनं मोजलं आणि समाधानानं मान हलवली. मीही मोजलं. दहाच होते. पुढच्या फळीत मधोमध, जिथे सगळ्यात आडदांड पोरानं उभं राहायचं, तिथे नुसतं गवत होतं. समोरच्यांचा पोरगा चेंडू काखोटीला मारून तिथूनच आरपार गेला.

“म्हातारा चळला,” मागचा इसम म्हणाला.

मी मात्र दुसरीकडेच पाहत होते. आमच्या बचावाच्या मागे, दूर एक पिकल्या केसांचा पंच उभा असतो. आमची पोरं मोजणं हे त्याचं काम. अकरा भरले की तो मूठ पुढे धरतो, नाहीतर हात खालीच ठेवतो. त्या डावाला त्यानं मूठ पुढे धरली होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लोक आधी एकालाच वेड्यात काढत होते, मग दोघांना काढलं असतं.

लायलशी लग्न केलं तेव्हा आई म्हणाली होती, कोचची बायको म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. खरंच होतं. कॅन्सस, आयोवा, डाकोटा; कुठे बोर्डिंगची शाळा, कुठे कॉलेज, कुठे नुसता सहायकाचा सहायक. सामने हरू लागले की लोक रात्रीतून अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी ठोकून जात. सकाळी लायल दूध आणायला निघे, पाटी उपटे आणि गॅरेजमध्ये ठेवी. “लाकूड चांगलं आहे गं,” म्हणे. अशा पाट्यांची त्यानं कोंबड्यांसाठी खुराडी केली. शेवटी नेब्रास्कातल्या या एल्म फोर्कच्या कॉलेजात आलो आणि इथे मात्र मुळं धरली. इथली पोरं शेतकऱ्यांची, कत्तलखान्यातल्या कामगारांची, काही मोठ्या शहरांतून आलेली. व्यावसायिक संघात कुणी जाणार नव्हतं. लायल त्यांना चेंडूपेक्षा वेळेवर उठायला जास्त शिकवायचा.

अशा पोरांतलाच डिऑन प्रुइट. कॅन्सस सिटीचा. दारातून आत येताना तिरकं व्हावं लागे एवढा देह, आणि बोलणं इतकं हळू, की मी स्वयंपाकघरातून दोनदा “काय म्हणालास?” विचारायची. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीनं रडायचा. लायल त्याला मागच्या अंगणात नेऊन कोंबड्यांना दाणे घालायला लावायचा.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात, सरावात, डिऑन कोसळला. उन्हाचा कहर होता. पाणी दिलं होतं, सावलीत बसवलं होतं, सगळं नियमानं झालं होतं. चौकशीतही तेच निघालं. पण शेवटची फेरी लायलनं मारायला लावली होती. सगळे पोहोचले, डिऑन मागे राहिला. लायल ओरडला, “प्रुइट, येतोयस ना?” आणि तो म्हणाला, “येतो, कोच.” मग गुडघ्यांवर बसला, तो उठलाच नाही.

चौकशीनं लायलला सोडलं. लायलनं स्वतःला सोडलं नाही. तो त्याबद्दल बोलायचा नाही, रडायचाही नाही. त्याचं मोजणं तेवढं चुकायला लागलं.

पहिल्या हंगामात एकदा-दोनदा, दुसऱ्यात जरा जास्त. या तिसऱ्या हंगामात तर दर शनिवारी. त्या लाह्यांच्या सामन्यानंतर सोमवारी कॉलेजचा क्रीडाप्रमुख ब्राइस केलम घरी आला. पोरगेलासाच, दात फार पांढरे.

“कोच, तुमच्याबद्दल आदर आहे,” तो म्हणाला. आदरापासून सुरुवात झाली की शेवट काय होणार ते मी ओळखते. “पण आता अती झालं. अजून एकदा दहा जण गेले, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

“मी अकराच पाठवतो,” लायल म्हणाला.

“चित्रफीत बघा ना एकदा.”

“बघितली आहे.”

केलमनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला आणखी कॉफी विचारली.

गुरुवारी बचावातली पोरं आमच्याकडे जेवायला असतात, ही रीत लायलनं पहिल्या वर्षीच घातली. खिमा-राजम्याची चिली आणि सोबत दालचिनीचे रोल. बाहेरची माणसं या जोडीला नाकं मुरडतात, मुरडोत. मी बारा रोलचं एक ताट भाजते, अकरा पोरांना अकरा आणि एक लायलला. पण लायलला गोड चालत नाही, त्यामुळे त्याचा रोल उरायचा आणि शुक्रवारी मी तो कॉफीत बुडवून खायची. तो माझा हक्काचा होता.

डिऑन गेल्यापासून तो उरला नाही.

आधी मला वाटलं, पोरं चेष्टा करताहेत. त्या गुरुवारी मी दारातच उभी राहिले.

“कोण रे तो? मुकाट्यानं कबूल व्हा. एकेकाच्या मिशीला साखर लागलीय का बघेन.”

पोरं हसली नाहीत. हेनिंग नावाचा पोरगा, डिऑनचा खोलीतला सोबती, खाली बघत म्हणाला, “आम्ही नाही घेतला, मिसेस ओ.”

“मग पाय फुटले त्याला?”

“आम्ही कधीच नाही घेतला,” तो म्हणाला.

तेव्हा माझं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. दोन पोरं जमिनीवर मांडी घालून जेवत होती, आणि खिडकीजवळची रुंद खुर्ची रिकामी होती. ती डिऑनची. बाकीच्यांत तो मावायचा नाही. कुणी कुणाला काही सांगितलेलं दिसत नव्हतं. पोरं तिला वळसा घालून जात होती, एवढंच. एकानं जाताना “सॉरी” म्हटलं आणि पाय आवरून घेतले. समोर कुणीच नव्हतं.

मला भीती वाटली. पण खरं सांगू? भीतीच्या आधी मला बरं वाटलं, की पोरगा निदान उपाशी नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर लायल बैठकीत चित्रफीत लावून बसला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, शेजारचा गवत कापत होता. मी त्याच्या शेजारी बसले.

“मोज,” मी म्हटलं.

त्यानं चित्र थांबवलं, उठला आणि पडद्यावर एकेकावर बोट ठेवत गेला. “हेनिंग. ओर्टिझ. धाकटा स्वोबोडा…” दहा जणांवर त्यानं बोट ठेवलं. मग बोट पुढच्या फळीच्या मधोमध नेलं, रिकाम्या गवतावर. “आणि हा. अकरा.”

“लायल, तिथे कोण आहे?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चळले होते. “पाय बघ की त्याचे. किती वेळा सांगितलं, टाचा उचल म्हणून. ऐकत नाही.”

“डिऑन गेला, लायल.”

“माहीत आहे मला,” तो चिडून म्हणाला. “मीच घालवला ना त्याला. म्हणून काय बाहेर बसवू? येतो म्हणाला होता, आर्डिस. आलाय. आता कुठल्या तोंडानं सांगू त्याला की जागा नाही?”

मग तो खाली बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. इतक्या वर्षांत त्याला मी असं पाहिलं नव्हतं. नोकरीचं मला आता काही वाटेनासं झालं होतं; नोकऱ्या आम्ही पुष्कळ गमावल्या आहेत. हा माणूस तेवढा मला परत हवा होता.

शेवटच्या घरच्या सामन्याला शेवटच्या वर्षाच्या पोरांचा निरोप असतो. एकेकाचं नाव पुकारतात, पोरगा आईबापांच्या हातात हात घालून मैदानाच्या मध्यापर्यंत चालतो, कोच हात मिळवतो, आईला फूल देतात. डिऑन असता तर हे त्याचं शेवटचं वर्ष. मी त्या रविवारी दुपारीच त्याच्या आईला फोन लावला. रोशेल प्रुइट. दफनानंतर आम्ही बोललो नव्हतो.

मी काय काय बरळले देव जाणे. रोलचंही सांगितलं आणि निरोपाला या म्हटलं.

“टाचा अजून टेकवूनच उभा राहतो?” तिनं विचारलं.

“लायल म्हणतो तसं.”

“मी त्याला घरी शोधतेय,” ती म्हणाली. “दोन वर्षं त्याच्या खोलीत जाऊन बसते. काही जाणवत नाही. मला वाटलं, आईवर रुसला. आणि हा तुमच्याकडे बसून गोड खातोय.”

ती हसली की रडली, मला कळलं नाही.

सामन्याच्या दिवशी ती चर्चला जाताना घालतात तशी जांभळी टोपी घालून आली. लायल बदलायच्या खोलीबाहेर उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मिसेस प्रुइट, मी…”

“कोच, मी तुम्हाला माफ करायला आलेली नाही,” ती म्हणाली. “ते जमेल तेव्हा जमेल. मी पोराला न्यायला आलेय. तुम्ही त्याला राबवलंत तेवढं पुरे झालं.”

“तो माझं ऐकेल असं नाही.”

“तुमचंच ऐकतो तो. तुम्ही सोडलंच नाही, तर जाईल कसा? शिस्तीचा आहे.”

नावं पुकारली गेली. हेनिंग गेला, ओर्टिझ गेला. मग, मी आधी सांगून ठेवलं होतं तरी, ध्वनिक्षेपकावरचा माणूस अडखळला आणि म्हणाला, “डिऑन प्रुइट. सोबत आई, रोशेल.” अख्खं मैदान उभं राहिलं, लाह्या फेकणारासुद्धा. ती एकटीच चालत आली. पण तिचा उजवा कोपर बाजूला काढलेला होता आणि जरा वर, आपल्यापेक्षा उंच माणसाच्या हातात हात घालावा तसा. आणि ती हळू चालत होती, रेंगाळणाऱ्याची वाट बघत.

लायलनं तिला फूल दिलं. मग शेजारच्या हवेत हात पुढे केला. हात एकदा वर, एकदा खाली झाला. मी बाकांच्या पहिल्या रांगेत होते, मला त्याचे शब्द ऐकू आले.

“झाली फेरी, प्रुइट. संपली. जा बाळा घरी.”

रोशेल सामन्याला थांबली नाही. मी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेले. “येते मी,” ती म्हणाली आणि बाहेर पडली. फाटकावरच्या म्हाताऱ्या गसनं तिच्यामागे दार धरून ठेवलं, क्षणभर जास्तच. मग “चल, सांभाळून जा हं, मोठ्या,” असं म्हणून लावून घेतलं. मी त्याला कोणाला म्हणालास ते विचारलं. तो म्हणाला, “कोणाला काय? गेला ना आत्ता.” आणि मग त्यानं फाटकाबाहेर पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

पहिल्याच डावाला आमचा बचाव मैदानात गेला. मी मोजलं. दहा. लायलनं बोट हलवत मोजलं, आणि मध्यावर येऊन त्याचं बोट थबकलं. मागे त्या पंचाचा हात खाली होता.

“थांबवा!” लायल ओरडला. “दहा आहेत! एक कमी आहे, एक पोरगा कमी आहे माझा!”

त्यानं एकाला आत धाडलं. त्यानंतर दिवसभर मोजणी चुकली नाही. सामना आम्ही हरलो, तोही थोडक्यात. केलमनं तरीही दुसरा माणूस बघितलाच. त्याचं ठरलेलं होतं. लायलनं त्या नव्या माणसाशी हात मिळवला आणि सरावाच्या वेळी सावलीत पाणी कुठे ठेवायचं ते त्याला दाखवलं.

‘घर विकणे आहे’ची पाटी या वेळी आम्ही स्वतः ठोकली. लायलनं हातोडा घेतला, मी धरली.

पुढच्या गुरुवारी पोरं येणार नव्हती, हंगाम संपला होता. तरी सवयीनं मी चिली केली, रोल भाजले, दोघांपुरते दोनच. खोक्यांच्या मधोमध आम्ही दोघं जेवलो. लायल खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होता. मी भांडी विसळून परत आले, तर ताटात एक रोल तसाच होता, वरची साखर आता घट्ट झालेली.

“उरला,” लायल म्हणाला.

“उरला,” मी म्हटलं.

त्यानं त्यावर स्वच्छ फडकं घातलं, कडा नीट आत दुमडल्या, आणि बराच वेळ हात तसाच वर ठेवून बसला.