तानुबाईची पिवळी बाटली

भडगावकडची तानुबाई धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात खाटेवर आडवी होती. पित्ताच्या पिशवीत पू झालेला, सकाळी ऑपरेशन, आणि बाईने हात पदराखाली दडवलेला. सुई टोचू देईना.

देवरे डॉक्टर तिसऱ्यांदा समजावत होते. "अक्का, अशा ऑपरेशनात जंतूंचं विष रक्तात उतरतं. रक्तदाब कोसळला की माणूस हातचा जातो. म्हणून आम्ही धडधाकट माणसांना मेलेल्या जंतूंची लस टोचली. त्यांच्या रक्तात विषावर उतारा तयार झाला. त्यांच्या रक्तातून काढलेल्या या पिवळ्या पाण्यात तो आहे."

"ते समजनं. पन पानी कोनं शे?"

खरी मेख तिथंच होती. लस टोचून घेणाऱ्यांत दवाखान्यातला जखमा बांधणारा ड्रेसर लोटन होता. सुजलेला दंड त्याने अख्ख्या वॉर्डाला दाखवला होता. आणि तानुबाईच्या लेकीची, कुसुमची सुपारी याच लोटनच्या मुलाशी फुटलेली. त्याचं रक्तातलं पाणी अंगात गेलं की लोटन झाला भाऊ. भावाची मुलगी बहिणीच्या घरात येते, ते शोभतं. पण बहिणीची मुलगी भावाच्या घरात? वेल माघारी फिरला म्हणायचा. भाऊबंद सोयरीक मोडायलाच बसलेले.

"अवं, मरशी ना तू!" नवरा पितांबर रडकुंडीला आला.

"मी मरी गऊ तरी चाली. पोरनं लगीन मोडाले नको."

लोटन पुढे सरसावला. "मनं पानी नही, अशी शपत खाऊ का?"

"तुमले ठाऊक शे का, याही?" तानुबाईने व्याह्याला विचारलं.

"नही."

"मंग खोटी शपत खातस? आन् तुमना घर मी पोर देऊ?"

लोटन मागे सरकला. डॉक्टर खुर्चीत बसले, अगदी हरल्यासारखे. "अक्का, कोणालाच ठाऊक नाही. निम्म्या बाटल्यांत उतारा, निम्म्यांत लस न घेतलेल्यांचं साधं पाणी. गुण कशाने येतो ते कळावं म्हणून बाटल्यांवर नुसते आकडे आहेत. कोणती कोणाची, ते पाकिटात बंद. मलासुद्धा माहीत नाही."

तानुबाई कोपरावर उठली. "तुमलेबी नही?"

"नाही."

"मंग भाऊबंदले कोन सांगी?"

आणि तिने हात पदराबाहेर काढला.

ऑपरेशननंतर ताप भडकला, पण रक्तदाब हलला नाही. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या पाणचट वरणावरून ती पितांबरवर खेकसली, तेव्हा कुठे डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

वैशाखात लग्न लागलं. डॉक्टर आले. पाकीट एव्हाना फुटलं होतं. उत्साहाने म्हणाले, "अक्का, तुमची बाटली..."

"तोंड गोड करा आधी!" अख्खी जिलबी तिने त्यांच्या तोंडात कोंबली, आणि ती संपेपर्यंत दुसरी हातात तयार ठेवली.

मग व्याह्यांना ओवाळायला गेली. सगळ्यांभोवती ताट तीनदा फिरलं, लोटनभोवती पाचदा.

"अवं, याले दोन जास्ती कसाले?" पितांबरने विचारलं.

"दंड सुजना व्हता ना बिचाराना," तानुबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून पुढच्या पाहुण्याकडे वळली.