पाचवीचा कोरा कागद

"भाऊ, तुह्या खिशातला पेन दे," शालू म्हणाली. "आन एखांदा कागद. कोराच पाह्यजे बरं."

उत्तमरावांनी पेन काढून बहिणीच्या हातात दिला आणि छोट्या वहीतलं एक पान फाडलं. चौतीस वर्षं अमरावतीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लोकांची बोटं टोचण्यात गेलेला हा माणूस. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी खिशातला पेन आणि वही काही सुटली नव्हती. नात्यातली पोरं त्यांना पाहून हात पाठीमागे लपवायची आणि मोठी माणसं 'आला आपला डास' म्हणून थट्टा करायची. उत्तमरावही हसायचे. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तिवशाजवळ झेंडूच्या मळ्यात शालूचं घर होतं. तिची मुलगी रागिणी पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून माहेरी आली होती. मुलगी झाली होती आणि आज तिची पाचवी होती. दिवेलागणीला शालूने पाटा धुऊन मांडला, हळदकुंकू वाहिलं, मळ्यातली चार फुलं वाहिली आणि त्यावर तो कागद आणि पेन ठेवला. सटवाई येते, लेकराचं पुढलं सगळं लिहून जाते. ती लिहिते तेव्हा कुणी बघायचं नाही आणि काय लिहिलं ते कुणी विचारायचंही नाही.

"मामा, त्याच्यावर सही नोका करू बरं," रागिणी खाटेवरून म्हणाली. "तुमाले रिपोर्टची सवय हाय."

सगळे हसले. उत्तमरावही हसले, पण त्यांची नजर काही त्या कागदावर ठरेना. जे वाचायला माणसाला मनाई, त्यातली एक ओळ त्यांनी दीड वर्षापूर्वीच चोरून वाचली होती.

सिकलसेलबद्दल लोकांना समजावून सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. मेळघाटात धारणी-सेमाडोहकडे जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत ते शिबिरांना जायचे आणि कर्ण्यावरून तेच ते सांगायचे. रक्तात हा दोष अर्धा असेल तर माणूस धडधाकट असतो, त्याला कळतही नाही. पण नवराबायको दोघांतही अर्धा-अर्धा असला, तर प्रत्येक लेकरामागे चारात एक धोका असतो की त्याच्या वाट्याला तो पूर्ण येईल. मग त्या लेकराचं दुखणं जन्मभराचं. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा. लोक माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि घरी जाऊन पत्रिका जुळवायचे.

दहा वर्षांपूर्वी अमरावतीत त्यांच्याच गल्लीतल्या आशाबाईंच्या हर्षाचं लग्न जुळलं. तिचं रक्त उत्तमरावांनीच तपासलं होतं, म्हणून मुलाकडची मंडळी त्यांच्याकडे चौकशीला आली. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की पोरीत अर्धा दोष आहे, तिला काहीही होणार नाही, फक्त मुलाचं रक्त तपासून घ्या. मंडळींनी पहिलं वाक्य ऐकलं आणि ती उठून गेली. पोरीच्या रक्तात खोट आहे ही बातमी आठ दिवसांत घरोघरी पोचली. हर्षा अजून त्याच गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवते. तिला कधी साधा तापही येत नाही, पण तिचं लग्न काही झालं नाही.

"तुह्या नळीनं माह्या पोरीचं घर मोडलं, उत्तमराव," आशाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. "देवानं झाकून ठेवलेलं उघडाचा तुले काय हक हाय?"

त्या दिवशी त्यांना आईने सांगितलेली सहदेवाची गोष्ट आठवली. फुलं खुडता खुडता आई सांगायची, सहदेवाला पुढचं सगळं दिसायचं, पण देवाने त्याला बांधून घेतलं होतं. कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. भाऊ फासे खेळायला बसले तेव्हाही तो तिथेच होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. "असं काहून केलं वं देवानं?" लहानपणी त्यांनी विचारलं होतं. "मानसाले पचत नाई बाप्पा," आई म्हणाली होती. "ज्याले समजलं त्याची झोप गेली." हर्षाच्या दारावरून जाता-येता उत्तमरावांनी मनाशी ठरवलं, आपण सहदेव व्हायचं.

पुढे रागिणी कॉलेजात असताना शिबिरात तिचं रक्त त्यांच्याच हाताखाली आलं. दोष अर्धा निघाला. "रक्त जरासं कमी हाय, पालक खात जाय," एवढंच त्यांनी तिला सांगितलं. मग तिचं अकोल्याच्या कुलदीपशी जुळलं. कुलदीपचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, मुलगा शब्दाला मऊ आणि कामाला पक्का. कुणीच काही विचारलं नाही.

इथेच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण न सांगण्याचं व्रत घेतलेल्या या माणसाला न बघण्याचं काही जमलं नाही. साखरपुडा झाल्यावर कुलदीप अमरावतीला आला, तेव्हा 'रक्तगट पाहून ठेवू' म्हणून त्यांनी त्याचं बोट टोचलं आणि एक थेंब सिकलसेलच्या तपासणीच्या नळीतही सोडला. या तपासणीत नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. नळीतून रेघा दिसल्या तर रक्त निर्दोष. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. उत्तमरावांनी नळी खिडकीपाशी नेली. चष्मा पुसला. पुन्हा धरली. रेघा दिसेनात. बाहेर कुलदीप शिपायाशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होता. त्यांनी नळी नळाखाली धुऊन टाकली आणि रजिस्टर मिटलं. चौतीस वर्षांत त्यांनी नोंद न केलेली ती एकच तपासणी. तारीख होती अकरा फेब्रुवारी.

त्यांच्या घराण्यात भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. लग्नात उत्तमरावांनी परातीत रागिणीचे पाय धुतले, डोकं टेकलं, आणि त्याच हातांनी तिला धरून मंडपात आणलं. अंतरपाटापलीकडे कुलदीप उभा होता. चारातले तीन आपल्या बाजूचे आहेत, असं ते सगळी मंगलाष्टकं होईस्तोवर मनात घोकत होते. अक्षता टाकायच्याही राहून गेल्या.

पाचवीनंतर नऊ महिन्यांनी, वैशाखाच्या भर उन्हात, रागिणी लेकीला, प्रतीक्षाला, घेऊन माहेरी आलेली असताना शालूचा फोन आला. "भाऊ, प्रतीक्षाचे हातपाय सुजून गेले. दात येऊन राह्यले असतीन. तेल लावून राह्यली मी, पन पोरगी हात लावू देत नाई."

उत्तमराव तासाभरात तिवशाला पोचले. खाटेवर पोर रडून रडून दमली होती. तिच्या हातांपायांचे पंजे फुगून तुकतुकीत झाले होते. अशी सूज त्यांनी मेळघाटात कितीतरी पाळण्यांत पाहिली होती. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि मायलेकींना घेऊन अमरावतीचा दवाखाना गाठला. चार दिवस सलाईन चाललं. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, तो डॉक्टरांनी रागिणीलाच वाचून दाखवला. दोष पूर्ण होता. लग्नाआधी तुम्हा दोघांचं रक्त तपासलं नव्हतं का, असंही डॉक्टरांनी तिला विचारलं. रागिणी मामांकडे पाहत राहिली.

बोलली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, मळ्यातल्या घरी. रिपोर्टचं ऐकून कुलदीप अकोल्याहून पुन्हा निघाला होता, दुपारपर्यंत पोचणार होता. प्रतीक्षा तिच्या मांडीवर होती.

"मामा, कॉलेजात माहं रक्त तुमीच तपासलं होतं ना?"

"हो."

"मंग?"

"आता काहून उकरून राह्यली ते?" शालू मध्ये पडली. "सटवाईनं लिवलेलं कोनाच्यानं टळते? तिच्या कपाळातच—"

"आई, तू थांब जराशी. मामा, सांगा."

"तुह्यात अर्धा होता. मले माहीत होतं."

"आन यायच्यात?"

ती कुलदीपचं विचारत होती. 'नाही' म्हणायला काहीच हरकत नव्हती. नोंद नव्हती, साक्षीदार नव्हता, नळी केव्हाच धुऊन झाली होती. पण दहा वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहत ते सहदेव होऊन बसले होते, तो प्रश्न आज आला होता.

"थेबी माहीत होतं," उत्तमराव म्हणाले. "साखरपुड्यानंतर मी पाह्यलं होतं."

शालूच्या हातातला झेंडूचा हार खाली आला. "भाऊ?" एवढंच ती म्हणाली.

"मंग सांगतलं काहून नाई?" रागिणीचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"कोनं विचारलं नाई," ते बोलून गेले, आणि आपल्याच तोंडचं ते वाक्य ऐकून त्यांना स्वतःची किळस आली. "हर्षाचं झालं तसं तुहं होईन असं वाटलं मले. आन आपली आई सांगे ना, सहदेवाले देवानं…"

"सहदेवाले देवानं बांधलं होतं, मामा. तुमाले कोनं बांधलं होतं?"

रागिणी थांबली नाही.

"लगन कराचं का नाई, ते आमी दोघानं ठरवलं असतं. कदाचित केलंही असतं. मंग पोटात होती तवाच तपासलं असतं, जलमल्यापासून औषध चालू केलं असतं. दोन महिने झाले पोरगी रडून राह्यली, आन आमी मीठमिरच्या ओवाळून राह्यलो तिच्यावरून." तिने पोरीचा पंजा आपल्या तळहातावर अलगद तोलून धरला. "तुमी डोये झाकले आमचे."

उत्तमराव अंगणातल्या फुलांच्या ढिगाकडे पाहत बसले. ही बंधनं देवाने घातली, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, देवाला या गोष्टी सुचल्याच नसतील. सगळं ठाऊक असून फाशांच्या खेळात गप्प बसलेला एखादा माणूस असेल. खेळ संपल्यावर लोकांनी त्याला विचारलं असेल, तू का नाही बोललास? आणि त्याने देवाचं नाव पुढे केलं असेल. आपण तरी दुसरं काय केलं? हर्षाच्या वेळी सांगून चुकलो असं वाटलं, पण चूक सांगण्यात नव्हती. सांगून झाल्यावर मुलाकडच्यांच्या मागे जायला हवं होतं, चार वेळा त्यांच्या घरी बसायला हवं होतं. तेवढा त्रास घ्यायचा नव्हता, म्हणून सहदेव बरा वाटला.

रागिणी उठली. पोरीला आजीकडे देऊन ती देव्हाऱ्याशी गेली. पाचवीचा कागद सहसा कुणी जपून ठेवत नाही, पण शालूला पहिल्या नातीचं सगळंच ठेवायचं होतं. बाळाच्या पहिल्या टोपड्यात गुंडाळलेली ती घडी आणि तो पेन रागिणीने आणून मामांसमोर ठेवला. घडी उलगडली. कोपऱ्यावर हळदीचा डाग, बाकी कागद कोराच.

"लिवा," ती म्हणाली.

"रागिणे, थो सटवाईचा—" शालू पुढे झाली.

"तिनं काईच नाई लिवलं, आई. पाह्य ना तूच. लिवा मामा, काय काय कराचं ते. घरात कोनालेही वाचता आलं पाह्यजे असं."

उत्तमरावांनी पेन उचलला. शाई वाळली होती. दोन रेघा मारल्यावर उमटली. मग ते लिहीत गेले. रोज भरपूर पाणी. उन्हात नाही, गार वाऱ्यात नाही. पेनिसिलिन सकाळ-संध्याकाळ, फॉलिक ॲसिड रोज एकदा, दोन्ही मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. ताप आला तर एक तासही घरी थांबायचं नाही. पोट डावीकडे फुगलं, पोर पांढरी पडली तर ताबडतोब दवाखाना. पुढच्या लेकराआधी दोघांनी डॉक्टरांना भेटायचं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचीही त्यांना लाज वाटली.

"आता सही करा."

त्यांनी सही केली.

"तारीख?"

ते आजची तारीख घालू लागले, तसा तिने कागदावर हात ठेवला. "आजची नाई. तुमाले समजलं थ्या दिवसाची."

ती त्यांना शोधावी लागली नाही. अकरा फेब्रुवारी, त्यांनी लिहिलं, आणि पुढे साल घातलं. रागिणीने कागद एकदा सगळा वाचला. रांजणाच्या वरच्या खिळ्याला, येताजाता दिसेल असा, तो अडकवला. मग पोरीला परत मांडीवर घेऊन ती वाटी-चमच्याने पाणी पाजायला बसली.

"कुलदीपले मी सांगतो," उत्तमराव म्हणाले.

"हो. तुमीच सांगा. थांबा थे येईपर्यंत."

दुपारी कुलदीप आला. मळ्याच्या बांधावर त्याला नेऊन उत्तमरावांनी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि तो एकटाच विहिरीकडे निघून गेला. पाच वाजता उत्तमरावांनी पिशवी उचलली. निघताना ते नेहमीप्रमाणे भाचीपुढे वाकले.

रागिणीने पाय मागे घेतले.

वाकलेले उत्तमराव तसेच राहिले. समोर, तिच्या मांडीवरून, पोरीची दोन पावलं लोंबत होती. भाचीची लेक, म्हणजे तिच्याही पाया पडायचा त्यांचा मान होता. त्यांनी हात पुढे केला. पण सूज अजून उतरली नव्हती. बोट लागलं असतं तरी दुखलं असतं. हात वाटेतच थांबला. त्यांनी लांबूनच दोन्ही हात जोडले आणि चपला घालून ते बसच्या वाटेला लागले.