डोळे कोणी कोरले

प्रवीणकुमारने तो मुखवटा पालथा धरून आणला. वर कापड गुंडाळलेलं आणि तोंड जमिनीकडे. ओट्यावर ठेवतानासुद्धा तो मुखवट्याच्या मागच्या बाजूला वाकला, पुढे आला नाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त झालो, तरी शनिवारी दुपारी कुंभकोणमच्या आमच्या घराच्या ओट्यावर गल्लीतली मुलं जमतात. पोरांबरोबर राहून मला एक सवय लागली आहे: समोरचा काय सांगतो ते नंतर ऐकायचं, आधी त्याचे हात काय करतात ते पाहायचं.

"जानकीराम सर ना आपण?" त्याने स्वच्छ मराठीत विचारलं. "त्या मालिकेचे विज्ञान सल्लागार?"

मला हसू आलं. मी तरुण असताना टीव्हीवर एक तमिळ विज्ञानमालिका लागायची. तिच्या एका भागाचं चित्रीकरण जवळच स्वामीमलैला झालं होतं. शास्त्रज्ञाच्या तोंडी काही चुकीचं नको म्हणून मला बोलावलं होतं. माझं कोणी ऐकलं नाही. तो भाग एकदाच दाखवला गेला आणि मग त्याची टेप हरवली, असं म्हणत.

"मला सापडली," प्रवीणकुमार म्हणाला. चेन्नईला तो इंटरनेटवर जुन्या मालिकांची वाहिनी चालवत होता. मुलांनी तो भाग पाहायचा, समोर हाच मूळ मुखवटा ठेवायचा, आणि पाहणाऱ्या मुलांचे चेहरे तो टिपणार, अशी त्याची योजना.

"मराठी छान बोलता," मी म्हणालो. आमची मराठी घरातली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ.

"आई तंजावरची."

"कोणाच्या घरची?"

"लहानपणीच गेली, सर."

अशा उत्तरापुढे काही विचारता येत नाही. ते त्यालाही ठाऊक असावं.

तेवढ्यात मधुमिता आली. वय अकरा, घरी आमच्यासारखीच मराठी, तोंडाला विराम नाही. आल्या आल्या म्हणाली, "मास्तर, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग डोकं खाली आणि पाय वर का होत नाहीत?"

"तूच शोध."

"म्हणजे तुम्हांला येत नाही." मग तिचं लक्ष पाहुण्याकडे गेलं. "तुमच्या मालिकेतले तारे खरे आहेत का?"

"थर्मोकोलचे आहेत," प्रवीणकुमार म्हणाला. "पण खऱ्यांचं तरी काय? ताऱ्याचा उजेड शिळा असतो, बाळ. शिळ्या भातासारखा. कोणाला तरी पाणी घालून जपावा लागतो."

वाक्य ऐकताच मला वाटलं, हे मी आधी ऐकलं आहे. कुठे, ते आठवेना.

बाकीची मुलंही जमल्यावर त्याने मुखवटा ओट्यावरच्या टीव्हीखाली त्यांच्यासमोर ठेवला आणि कापड मागून ओढलं. पंचधातूचा, माणसाच्या चेहऱ्याहून थोडा मोठा. मी पाहिलं आणि चमकलो. त्याचा डावा डोळा उघडा होता.

स्वामीमलैला मूर्ती ओतून, घासून पूर्ण झाली की सगळ्यांत शेवटी छिन्नीने डोळे उघडतात. हा मुखवटा घडवणारे त्यागराज स्थपती तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हा देव नाही, नाटकाचं सामान आहे. त्याला मी डोळे देणार नाही." मग रंगवाल्याने गुळगुळीत पापण्यांवर पांढऱ्या रंगाने डोळे काढले होते.

"हा डोळा कोणी कोरला?" मी विचारलं.

"माझ्याकडे आला तो असाच."

तो मुखवट्याकडे पाहतच नव्हता. पाहायची वेळ आलीच तर मोबाइल पुढे धरून त्याच्या पडद्यात पाहत होता.

भाग सुरू झाला. गोष्ट अशी: कावेरीच्या वाळूत एक मुखवटा सापडतो. गाव म्हणतं पिशाच्च, शास्त्रज्ञ म्हणते की दुसऱ्या ताऱ्यावरचा कोणी जीव यात झोपला आहे. लोक रोखून पाहतात तसा तो जागा होतो. डोळे उघडल्यावर ज्याला पाहील त्याच्यात तो राहायला जातो. शेवटी शास्त्रज्ञ मुखवटा भट्टीत टाकते. थर्मोकोलचे तारे दोऱ्यावर डुलत होते आणि मुलं खिदळत होती.

"पापणी न लवता जो पाहील त्याला चॉकलेट," प्रवीणकुमार टीव्हीच्या मागून म्हणाला.

मधुमिता जिंकली. चॉकलेट तिने घेतलं, पण सोललं नाही.

"पुढच्या शनिवारी चित्रीकरण करू," जाताना तो म्हणाला. "तोवर मुखवटा आपल्याकडेच असू द्या. मुलं येतील-जातील, पाहतील."

एवढी जुनी वस्तू आणि साधी पोचसुद्धा मागितली नाही.

चार दिवसांनी मधुमिताची आई सरस्वती दारात उभी राहिली. "मास्तर, तुम्ही पोरीला रागावलात का?"

"नाही बाई. का?"

"गप्प आहे. जेवताना भिंतीकडे पाहत बसते. शाळेतून येताना रोज तुमच्या ओट्यावर थांबते म्हणे. काय शिकवता तिला?"

मी काहीच शिकवत नव्हतो. ती यायची आणि मुखवट्यासमोर बसायची. एकही प्रश्न नाही. वर्गात गोंधळ करणाऱ्या मुलाला मी कधी भ्यालो नाही. पण विचारणारं मूल विचारायचं थांबलं की भितो. त्या संध्याकाळी ती गेल्यावर मी मुखवटा नीट पाहिला. उजव्या पापणीवर केसासारखी रेघ उमटली होती. सकाळी ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुखवटा पिशवीत घालून मी स्वामीमलैची बस धरली. त्यागराज स्थपती आता नाहीत. कारखाना त्यांचा मुलगा चंद्रमौळी चालवतो. तो माझ्याच वयाचा. आमचं बोलणं तमिळमध्ये, आणि तो मला वात्यार म्हणतो, म्हणजे मास्तरच.

"चेन्नईचा, गोड बोलणारा, पोच न मागणारा," तो म्हणाला. "वात्यारे, हा मूर्तिचोर आहे. नवीन माल जुना करून विकतात. उद्या पोलीस आले की मुखवटा तुमच्या ओट्यावर आणि हा विमानात."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण डोळा बघ."

त्याने भिंग लावलं. मग त्याने माझं बोट धरून त्या डोळ्याच्या कडेवरून फिरवलं. "छिन्नी बाहेरून आत जाते. ही कड बाहेर वळली आहे. कळीची पाकळी वळते तशी."

"आम्लाने झालं असेल. किंवा ओतताना आत हवा राहिली असेल."

"हवा इतकी वर्षं थांबते का?" तो भिंग पुसत राहिला. "धातू मालिकावाल्यांनी आणला होता. तिरुनीलक्कुडी गावात नांगराला लागलेला काळा गोळा, लोक म्हणत आकाशातून पडला. बाबा कुरकुरले, पण पंचधातूत वितळवला."

आम्ही उभे होतो ती मेणकामाची खोली. इथेच चित्रीकरण झालं होतं. कोपऱ्यातलं लाकडी मेज पाहिलं आणि मला ते वाक्य आठवलं.

सगळे जेवायला गेले होते. मी एकटाच या खोलीत, शास्त्रज्ञाच्या तोंडी घालण्यासाठी काही सुचतं का म्हणून मोठ्याने बोलून पाहत होतो, माझ्या घरच्या मराठीत. ताऱ्याचा उजेड शिळा असतो, बाळ. शिळ्या भातासारखा. नंतर मलाच ते पोरकट वाटलं आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. खोलीत ऐकणारं कोणी नव्हतं. मेजावर हा मुखवटा होता.

मी खाली बसलो. चंद्रमौळीला सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने सरळ भट्टीकडे बोट केलं.

"आत्ताच्या आत्ता."

"आणि पोरगी? एक डोळा त्या माणसावर उघडला, आणि तो अजून स्वतःचा राहिलेला नाही. दुसरा तिच्यावर उघडतो आहे. तिचं जे यात गेलं असेल ते पण वितळवू?"

मग भिंतीवरचा आरसा काढून त्याने माझ्या हातात दिला. डोळे उघडताना मूर्तीसमोर कोणी उभं राहत नाही. तिची पहिली नजर आरशावर पडू देतात. नव्या नजरेचा भार माणसाला सोसत नाही, असं हे लोक मानतात. मी ते आजवर एक सुंदर चाल म्हणून मुलांना सांगत आलो होतो.

"बाबांनी याच्यापुढे आरसा धरला नव्हता," तो म्हणाला. "डोळेच द्यायचे नव्हते, तर आरसा कशाला?"

घरी आल्यावर मी मुखवटा कपाटात बंद केला. मधुमिता तरी येत राहिली. कपाटासमोर बसायची.

शनिवारी प्रवीणकुमार कॅमेरा घेऊन आला. मधुमिताला त्याने स्वतः पुढे बसवलं. मी मुखवटा कपाटातून काढून टीव्हीखाली ठेवला होता आणि आरसा फळ्यामागे. भाग सुरू झाला. मुलांना तो एकदा पाहूनच पाठ झाला होता. शास्त्रज्ञाच्या आधी तीच वाक्यं म्हणत होती. मधुमिताचे ओठ मात्र हलत नव्हते. मुखवट्याच्या उजव्या पापणीवरची रेघ रुंद होताना मला दिसली.

मी आरशाची काच मुखवट्याकडे करून त्याच्या आणि मधुमिताच्या मध्ये गेलो.

"सर, आपण चौकटीत येताय," प्रवीणकुमार शांतपणे म्हणाला.

"मुलांना परावर्तन दाखवतो."

"आत्ता नको."

त्याने माझं मनगट धरलं. चुलीवरचं भांडं चुकून धरावं तसा चटका बसला. मी आरसा सोडला नाही. त्याच्याकडे पाहून विचारलं, "ताऱ्याचा उजेड शिळा असतो, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, सर," तो म्हणाला. "त्या दिवशी माझ्यासमोर दुसरं कोण होतं?"

मुखवट्याकडून तापलेला तवा पाण्यात बुडवल्यासारखा आवाज आला. आरशाला तडा गेला नाही, नुसती धग आली. टीव्ही विझला. मनगटावरची पकड सुटली आणि प्रवीणकुमार हळूच खाली बसला. मुलांना वाटलं हा चित्रीकरणाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हे कोणाचं घर?" त्याने तमिळमध्ये विचारलं. मी मराठीत नाव सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्याची आई कोण, विचारल्यावर म्हणाला, मदुरैची, आणि आत्ता घरी वाट पाहत असेल. जुन्या बाजारात एक मुखवटा विकत घेतला, इतकंच त्याला आठवत होतं. मी मान डोलावली. पण तो रिक्षात बसेपर्यंत त्याचे हात पाहत राहिलो. ते आता साध्या थकलेल्या माणसाचे हात होते.

मधुमिता डोळे चोळत होती. पापण्या मिटत होती, उघडत होती. बाकीची मुलं घरी गेली तरी ती बसून राहिली, आणि मी फळा पुसत राहिलो, पुसलेलाच पुन्हा.

"मास्तर."

"हूं."

"आरसा डावं-उजवं उलटवतच नाही. माझा उजवा हात उजवीकडेच दिसतो. पुढचं असतं ते मागे जातं, बस. तोंड माझ्याकडे वळतं म्हणून आपण फसतो."

मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. उत्तर बरोबर होतं.

"बरोबर का चूक ते सांगा की."

"बरोबर."

मग आम्ही दोघांनी मुखवटा पाहिला. मी मागून, ती आरशातून. दोन्ही डोळे उघडे होते, पण पाकळ्यांसारख्या कडा आता आत वळल्या होत्या. जे बाहेर येत होतं ते मागे गेलं होतं.

"तो आत आहे?" तिने विचारलं.

"असेल."

"आणि आतून पुन्हा बाहेर यायचा रस्ता त्याला सापडला तर?"

याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वामीमलैच्या बसमध्ये बसलो. चंद्रमौळीने भट्टी पेटवून ठेवली होती. मांडीवर मुखवटा आणि आरसा समोरासमोर दोरीने करकचून बांधलेले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणता देव आहे. मी म्हणालो, देव नाही. त्या थोड्या सरकून बसल्या, आणि मला ते बरंच वाटलं.