बरणी परत करेपर्यंत

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता मी फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो.

तसं काहीही झालेलं नाही. आज शनिवार आहे, परीक्षा परवा आहे, आणि मॉन्ट्रियल मागे टाकून मी मंदाकिनी मावशीला घेऊन नदीच्या कडेकडेने पूर्वेकडे चाललोय.

परीक्षेचं एवढंच, की पास झालो तर परमनंट रेसिडेन्सीची फाइल पुढे सरकते. नापास झालो तर मार्चमध्ये वर्क परमिट संपतं आणि मी नागपूरला माझ्या जुन्या खोलीत परत जातो. तिथे आता आईचं शिलाई मशीन आहे. ते हलवायला ती तयार नाही. मी विचारून पाहिलंय.

तोंडी परीक्षेत एक तक्रार हमखास करायला लावतात. म्हणून मी चाळीस तक्रारी पाठ केल्या होत्या. हीटर बंद आहे, पार्सल आलं नाही, वरच्या मजल्यावरचे लोक पहाटे फर्निचर सरकवतात. चाळीस तक्रारी, बाकी काही नाही. फ्रेंचमध्ये मला फक्त वैतागता येत होतं.

मावशी नागपूरच्या भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेली. चौतीस वर्षं तिने लोकांच्या शेताच्या हद्दी पाहिल्या. ती मला भेटायला आल्यावर मी तिला मॉन्ट्रियलमधल्या बघण्यासारख्या जागांची यादी दिली, तर ती म्हणाली, "शहर मी नागपुरात पाहिलंय. गाव दाखव."

म्हणून आम्ही कामुरास्काला निघालो. चारशे किलोमीटर. हायवे सोडून जुन्या रस्त्याला लागल्यावर मावशीने चष्मा पुसला आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

"ही मोजणी कोणी केली?"

समोर शेतं होती. एकेक शेत पट्टीसारखं अरुंद आणि लांबच लांब, सगळी टेकडीपासून निघून सरळ नदीत पाय सोडून बसल्यासारखी. ऑक्टोबर होता. एक पट्टा नांगरलेला काळा, पुढचा अजून हिरवा, त्याच्या पलीकडे लाल मेपलची रांग.

"बघ ना," मावशी म्हणाली, "प्रत्येकाला नदी मिळाली पाहिजे म्हणून असं कापलंय. कोणी मागे राहिला नाही." तिने चष्मा पुन्हा पुसला. "माझ्याकडे चौतीस वर्षांत एक नकाशा असा आला नाही."

भूमी अभिलेखवाल्यांकडून एवढी स्तुती म्हणजे डोळ्यांत पाणीच समजायचं.

आणि नदी म्हणजे नुसतं म्हणायला. तिथले लोक तिला समुद्र म्हणतात, आणि ते बरोबर आहेत. भरती येते, ओहोटी लागते, पाणी खारट लागतं. मावशीने चाखून खात्री केली. पलीकडच्या काठावर निळे डोंगर, इतके निळे की कोणीतरी उगाच जास्त रंग वापरलाय असं वाटावं. मध्येच काही हजार पांढरी हंसबदकं एकाच वेळी उडाली आणि पुन्हा त्याच जागी बसली. उडण्याचं कारण त्यांनी दिलं नाही.

गावात एकच मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, दोन-दोनशे वर्षांची, आणि प्रत्येकाच्या छपराची कड खाली येता येता विचार बदलून वर वळलेली. आमची खोली होती मादाम गिलेन यांच्या घरी, माडीवर. सत्तरीच्या, उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. दार उघडून त्या हसल्या. मला म्हणायचं होतं, किती सुंदर घर आहे. तोंडातून निघालं ते असं: "माझ्या खोलीतला हीटर तीन दिवसांपासून बंद आहे."

मादाम विचारात पडल्या. "पण तुम्ही तर आत्ताच आलात."

मी दुसरी तक्रार करणार होतो, तेवढ्यात मावशीने मला कोपराने बाजूला केलं आणि मराठीत सांगितलं, "घर फार छान आहे हो बाई." मादामना सगळं समजलं. त्यांनी आम्हाला घरचा पाव आणि छोट्या जांभळ्या प्लमच्या जॅमची एक बरणी दिली.

इथून गडबड सुरू झाली.

आम्ही खडकांवर बसलो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात ईल मासे धरायच्या खांबांची रांग आत आत गेली होती. सूर्य त्या निळ्या डोंगरांमागे जायला दीड तास लावत होता आणि एकही मिनिट वाया घालवत नव्हता. त्या दीड तासात बरणी रिकामी झाली. मावशीने ती धुतली, पुसली आणि बॅगेतून चिवड्याचा डबा काढला.

"काय करून राहिलीस?"

"बरणी परत द्यायची ना. रिकामी देतात का कुठे?"

"मावशी, इथे असं नसतं."

इथे अगदी असंच असतं. मादामच्या आईच्या घरचाही हाच नियम निघाला. अर्ध्या तासात बरणी लोणी भरून परत आली. मावशीने लिंबाचं गोड लोणचं भरलं. रविवारी सकाळी त्याच बरणीत मेपलचं सिरप आलं. मावशीने शंकरपाळे भरले. नाश्त्यानंतर निघायचं होतं. बरणी बीट घालून परत आली. निघणार कसे? बरणी आमच्याकडे होती.

दुपारी मावशीचा खाऊ संपला, मसाल्याच्या पुड्या तेवढ्या उरल्या. बरणीच्या मागोमाग मादामनी पिवळ्या वाटाण्याच्या सूपचं भांडंही पाठवलं. मावशीने चमचाभर चाखलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे वरण आहे. फोडणी राहिली आहे. त्यांना सांग."

"मला फक्त तक्रार करता येते."

"मग तक्रार म्हणून सांग."

मी स्वयंपाकघरात गेलो. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीची चूल, खिडकीत भरतीचं पाणी. पाठ केलेल्या चाळीसपैकी एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. म्हणून मी बोललो. म्हणजे खरंच बोललो: मोहरी ही, ती आधी तडतडली पाहिजे, घाबरू नका, आता झाकण, आता हिंग, नाही नाही, वास असाच असतो. मादाम माझी क्रियापदं सरळ करत होत्या, मावशी चुलीतली लाकडं. फोडणी सूपमध्ये पडली. मादामनी एक घोट घेतला, एप्रन सोडला आणि तडक घराबाहेर गेल्या.

"रागावल्या का रे?"

त्या सहा शेजारी घेऊन आल्या.

पुढचे तीन तास मी त्या सहा जणांशी फ्रेंचमध्ये बोललो. चर्चचा चांदीसारखा चमकणारा मनोरा कसा तीन वेळा बांधला, समुद्राचं गवत कापलं की त्याला कसा वास येतो, हंसबदकं कुठून येतात. एका आजोबांनी त्यांच्या शेतपट्ट्याचा नकाशाच आणला. मावशीने त्यावर बोट फिरवलं आणि हद्द निर्दोष असल्याचं जाहीर केलं. मी भाषांतर केलं. आजोबांनी टोपी काढली. एवढ्या सगळ्यात मी एकदाही तक्रार केली नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

साडेचारला निघालो. मावशीने बरणीत फोडणीचं वरण भरून दिलं होतं आणि सुटकेचा निःश्वास टाकला होता. गाडी सुरू झाली. मादाम धावत आल्या. खिडकीतून बरणी आत. धुतलेली, पुसलेली, जॅमने भरलेली.

गावाबाहेरच्या रस्त्याकडेच्या क्रुसापाशी मावशीने बरणी मांडीवर नीट धरली.

"आता परत यावं लागेल," मावशी म्हणाली.

"चारशे किलोमीटर आहे."

"मग नीट भरून आण."

आता सोमवार. सुरुवातीला मी काही बोललो होतो ते तुम्ही मनावर घेतलं नसेल, अशी आशा आहे. परीक्षक बाईंनी कागद पुढे केला: तुमचा शेजारी त्रास देतो, घरमालकाकडे तक्रार करा.

मी तोंड उघडलं. चाळीसच्या चाळीस गेल्या होत्या. शेजारी म्हटल्यावर मला बरणी दिसली. मी सांगायला लागलो की माझे शेजारी सूप पाठवतात, त्यांच्या छपराची कड वर वळते आणि त्यांच्यात प्रत्येकाला नदी मिळालेली आहे. अकरा मिनिटं बोललो. बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी मोहरी की आधी जिरं, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग पेन उचलून लिहिलं: उमेदवार उत्तम बोलतो. तक्रार केली नाही. अनुत्तीर्ण.

घरी मी मावशीला कागद मराठीत वाचून दाखवला. चौतीस वर्षं तिच्या टेबलावर अर्ज आले होते. कोणते मंजूर होतात हे तिला माहीत होतं, आणि आता मनात आलेला अर्ज त्यातला नव्हता, हेही. तरी तिने कोरा कागद घेतला आणि म्हणाली, "लिही. आधी मराठीत, मग तुझ्या त्या भाषेत."

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, इमिग्रेशन विभाग

विषय: बरणी परत करण्यासाठी मुदत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, कामुरास्का येथील मादाम गिलेन यांची काचेची बरणी (नग एक, झाकणासह) अर्जदाराच्या ताब्यात आहे. सदर बरणी रिकामी परत करणे उभय पक्षांच्या रिवाजात बसत नाही. अर्जदार ती भरून परत करताच ती पुन्हा भरून अर्जदाराकडे येते, असे अनुभवास आले आहे. तरी बरणीचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत अर्जदारास देश सोडण्यास सांगू नये, तसेच हा व्यवहार पूर्ण होण्याची शक्यता दिसत नसल्याने सदर मुदत कायमस्वरूपी समजण्यात यावी, ही नम्र विनंती.

सोबत: चव घेण्यापुरता जॅम.

आपला विश्वासू,
उन्मेष