बत्तिसावी काडी

दुसरीच्या त्या वर्गात पहिला तास घरच्या बातमीचा असायचा. ही बाईंचीच कल्पना. टेबलावर दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा, त्यात आइस्क्रीमच्या काड्या. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात प्रत्येक मुलाने आपापल्या काडीवर एक चित्र काढलं होतं. बाई डबा खुळखुळवायच्या, डोळे मिटून एक काडी काढायच्या, आणि ज्याची काडी त्याने उभं राहून घरची एक बातमी सांगायची. बाई ती फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या आणि त्या दिवशीचं वाचन, शुद्धलेखन सगळं त्याच बातमीवर. 'आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली.' 'काका जिन्यावरून पडले पण हसत होते.' पुस्तकातल्या धड्याशी झटापट करणारी पोरंसुद्धा हे घडाघडा वाचत. काढलेली काडी परत डब्यात जाई. त्यामुळे कुणाचं नाव लागोपाठ दोनदा येई, तर कुणाचं महिनाभर येत नसे. नशिबाचा भाग, असं बाई म्हणत.

बाईंची स्वतःची लेक याच वर्गात होती. घरी तिला सगळे ठकू म्हणत आणि आता वर्गही म्हणू लागला होता. शाळेच्या फाटकापर्यंत 'आई', फाटकाच्या आत 'बाई', असं मायलेकींचं ठरलेलं. सात वर्षांच्या मानाने ठकू हे फार चोख पाळायची. आपल्या काडीवर तिने गोगलगाय काढली होती. का, तर तिला घर पाठीवर नेता येतं म्हणून.

ती गोगलगाय तीन महिन्यांपासून डब्यात नव्हती. बाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाखाली होती.

तीन महिन्यांपूर्वी ठकूचे बाबा एक बॅग घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या बहिणीकडे राहायला गेले होते. भांडी आपटली नव्हती, आरडाओरडा झाला नव्हता. रोजच्या धुसफुशीने दोघंही थकले होते, एवढंच. दर रविवारी ठकू आत्याकडे जाऊन बाबांना भेटायची. शाळेत मात्र बाईंनी सांगितलं होतं, "ह्यांची बदली झाली." मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आपुलकीने विचारलं होतं, "एकटीने ओढाताण होत असेल ना गं?" आणि बाईंनी वर तोंड करून बदलीच्या गावची हवा कशी छान आहे, तेसुद्धा सांगून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी डब्यातून गोगलगाय काढली. थोडे दिवस, असं स्वतःला समजावलं. मग थोड्या दिवसांचे आठवडे झाले. रोज सकाळी डबा खुळखुळला की ठकू दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसायची, आणि बाईंना डोळे मिटायचं निमित्त बरं वाटायचं.

वाईट याचं वाटायचं की इतर मुलांना त्या काय काय बोलायला लावत. सुताराच्या मुलीची काडी आली तेव्हा ती उभी राहून नुसती फ्रॉकचं टोक चावत राहिली होती. बाई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. "सांग गं. घरच्या बातमीची कधी लाज वाटून घ्यायची नाही." मग ती पुटपुटली, "आजोबा मला ओळखत नाहीत." सगळ्या वर्गाने ते वाक्य हळू आवाजात वाचलं होतं, आणि मधल्या सुट्टीत ती पोर आठवड्यात पहिल्यांदा खेळली होती.

त्या मंगळवारी गणिताच्या तासाला दशक-एकक शिकवायचं होतं. त्यासाठीच्या काड्यांची पेटी शेजारच्या वर्गाने नेलेली. बाई घाईत होत्या. टेबलावर डबा दिसला आणि त्यांनी तो पहिल्या बाकावर उपडा केला. "चला, दहा-दहाचे गठ्ठे करा. रबरबँड लावा."

पोरं तुटून पडली. तीन गठ्ठे झाले, एक काडी उरली.

"दशक किती?"

"तीऽऽन!"

"एकक?"

"एऽऽक!"

"म्हणजे एकतीस," बाईंनी फळ्यावर लिहिलं, आणि हात खडूसकट तिथेच थांबला.

"बाई, पण आपण बत्तीस आहोत." हा आवाज वकिलीणबाईंचा. दोन वेण्या घालणाऱ्या ह्या मुलीला हरकत घेतल्याशिवाय खाऊचा डबाही गोड लागत नसे, म्हणून वर्गाने तिला ही पदवी दिली होती. "आज सगळे हजर आहेत. मग एक काडी गेली कुठे?"

"मोजताना चुकलं असेल," बाई म्हणाल्या.

"मी दोनदा मोजल्या. आपापली काडी उचला रे सगळ्यांनी!"

गठ्ठे सुटले. माझा पतंग, माझं विमान, ए हा माझा मासा, तुझा शेपटीवाला. बघता बघता बाक मोकळं झालं. सगळ्यांच्या हातात काडी होती, आणि ठकू रिकामे हात फ्रॉकला पुसत उभी होती.

"ठकीची नाही! ठकीची नाही!"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ठकू म्हणाली, "माझीच हरवली. मी खेळायला घेतली होती, बाई."

"अगं बाई!" वकिलीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "स्वतःच्या आईच्या वर्गात अशी धांदरट! न विचारता घेतली ती घेतली, वर हरवली!"

वर्ग हसला. ठकूही थोडं हसली, चुकल्यावर हसतात तसं. आणि बाई काय म्हणाल्या? बाई म्हणाल्या, "असू दे. नवी करू आपण." वर मान न उचलता त्यांनी एकतिसातून नऊ वजा करायला दिले.

मधली सुट्टी झाली. वर्गात दोघीच उरल्या. ठकू बाकावर खाऊचा डबा उघडून बसली होती, खात मात्र नव्हती.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"पर्समध्ये आहे ना? मला सर्दी झाली होती तेव्हा मी रुमाल घेतला होता."

ती सर्दी दीड महिन्यापूर्वीची. दीड महिना ही पोर रोज सकाळी ताठ बसत होती, आपली काडी येणारच नाही हे माहीत असताना. आपण ऐटीत डोळे मिटत होतो आणि समोर बसलेली लेक ते नाटक पाहत होती. बाईंना वाटलं, बाकाखाली शिरावं आणि वर येऊच नये.

"मग मागितली का नाहीस गं?"

"तू लपवली होतीस ना," ठकू म्हणाली. जणू एवढं पुरेसं होतं. फाटकाच्या आत असूनही 'तू' म्हणाली होती. मग जरा पुढे सरकून, "माझ्याकडे मस्त बातमी होती पण. बाबा आत्याकडे इस्त्री करायला शिकले. शर्टाला पाठीवर एवढं मोठ्ठं भोक पडलं. आत्या म्हणाली, राहू दे, वारा लागेल."

एवढीच बातमी होती. तीन महिने आपण जिला घाबरत होतो ती ही. बाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. त्यांनी पर्स उघडली.

सुट्टी संपल्यावर त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. हातात गोगलगाय होती.

"ठकूने काडी हरवली नव्हती. ती मी काढून ठेवली होती. ठकू माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिला बोलू दिलं. तुम्ही तिला हसलात तेव्हाही गप्प बसले. चूक माझी आहे."

बाईंची चूक हा प्रकार कुणी पाहिलाच नव्हता.

"का पण?" वकिलीणबाई.

"आमच्या घरच्या बातमीची मला लाज वाटत होती."

सुताराच्या मुलीने मान वर केली. "पण तुम्हीच म्हणाला होतात, वाटून घ्यायची नाही."

"हो. म्हणाले होते."

"मग आज बाईंनी बातमी सांगायची," वकिलीणबाईंनी निकाल दिला. "आत्ता."

बाईंनी ठकूकडे पाहिलं. विचारायचं ते डोळ्यांनीच विचारलं. ठकूने जरा विचार केला. "शर्टाचं पण लिही," ती म्हणाली.

बाई फळ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओळ वाकडी गेली. 'ठकूचे बाबा आता आत्याकडे राहतात.' खाली दुसरी. 'इस्त्री करताना त्यांनी शर्ट जाळला.' मग त्यांनी पट्टी उचलली आणि रोजच्यासारखी पहिल्या शब्दाखाली धरली.

बत्तीस पोरं एका सुरात वाचू लागली. पहिलं वाक्य संपता संपता व्हरांड्यातून जाणाऱ्या मोठ्या बाई दारात थांबल्या. त्यांनी फळा वाचला. मग बाईंकडे पाहिलं.

बाईंचं तोंड कानापर्यंत लाल झालं. फडकं हाताशीच होतं. त्यांनी ते घेतलं नाही. पट्टी दुसऱ्या ओळीखाली सरकवली, आणि 'शर्ट जाळला'ला वर्ग खो-खो हसला. सगळ्यात मोठ्याने ठकू हसत होती.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."