यांचा आरसा
गाडी यांच्या नावावर, काचेवरच्या तपासणीच्या स्टिकरचे चारच दिवस उरलेले, आणि हे जाऊन पाच महिने झालेले. नवा स्टिकर लागल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होणार नाही आणि तशीच ठेवली तर उचलून नेतील, असं लेकीनं फोनवर दोनदा बजावलं होतं. या परमुलखात गाडी गेली तर माझे पायच गेले. आणि यांची म्हणून उरलेली तेवढीच एक चालती-बोलती वस्तू होती.

हे ताडमाड, मी जेमतेम त्यांच्या खांद्याला. मी गाडी चालवली की उतरण्याआधी मधला आरसा पुन्हा यांच्या उंचीला लावायचा, हा आमचा घरचा कायदा. विसरले की दिवसभर कुरकुर. तीस वर्षांत नवऱ्याला कधी घाबरले नाही, पण त्या आरशाला घाबरले.

तपासणीच्या शेडमध्ये पत्र्याच्या फटींतून ऊन उतरत होतं. गाड्या पुढे सरकत होत्या की शेडच मागे जात होती, कळेना. हे शेजारी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन पेंगताहेत, असंच मला वाटत राहिलं.

नंबर आला तशी मी उतरले. तपासनीस माझ्याच चणीचा. आत बसून त्यानं ब्रेक दाबले, दिवे लावले, आरशात पाहिलं आणि थबकला. त्याला नुसतं छत दिसत होतं. गाडी तुम्ही चालवतच नाही, म्हणाला, हा उंच माणसाचा आरसा आहे. चालवणाऱ्याला बोलवा, त्याशिवाय स्टिकर नाही.

उतरताना माझा हात आपसूक आरशाकडे गेला होता आणि तो यांच्या उंचीला लावून आला होता. अर्जात जे लिहायचं ते लेकीनं लिहिलं होतं. मी अजून ते तोंडानं म्हटलंच नव्हतं.

"माझा नवरा वारला," मी म्हणाले. "तरी आरसा मी रोज त्याच्यासाठी लावून ठेवते."

तो उतरला. माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.

"बसा," तो हळूच म्हणाला. "आता तुम्हाला दिसेल असा लावा."

मी लावला. छत गेलं, मागचा रस्ता आला, उन्हात लांबवर पसरलेला. त्यानं जुना स्टिकर खरवडला, नवा चिकटवला, कागदावर शिक्का मारला.

घरी येऊन गाडी बंद केली. हात सवयीनं वर गेला आणि तिथेच थांबला. शेजारची सीट रिकामी होती. आता कुरकुर करायला कोणी नाही, म्हटलं, आणि हात खाली घेतला. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडले.