नदीतून कापलेलं ग्रंथालय

स्पर्धेच्या अंतिम फेरीत निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी हातातला ब्रश टाकून खुर्चीवर चढले आणि ओरडले. खुर्चीवर का चढले ते विचारू नका. जमिनीवर मावत नव्हते, एवढंच.

मी इमारतींची मॉडेलं करते. आजवर सगळी दुसऱ्यांच्या इमारतींची केली. आर्किटेक्ट येतात, नकाशे टाकून जातात, मी मान मोडून काम करते आणि उद्घाटनाला फोटो त्यांचे येतात. या वेळचं नदीकाठचं ग्रंथालय मात्र पहिल्या रेघेपासून माझं होतं. निवडलं गेलं तर ते खरोखर बांधणार होते, खऱ्या विटांचं, खऱ्या नदीवर. अट एकच, गुरुवारी सकाळी दहाच्या आत मॉडेल त्या दूरच्या शहरातल्या सभागृहात, टेबलावर, धडधाकट हजर हवं. मोडकं आलं की बाद.

आता ते न्यायचं कसं, यावरून आमच्या घरात युद्ध पेटलं.

बाबा रेल्वेवाले. नोकरीने नव्हे, हौसेने. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वेळापत्रक वाचतात, तेही जेवताना.

"थेट गाडी डोंगरातून जाते," बाबा म्हणाले. "दिवस मोडतो, पण एकदा बसलीस की शेवटीच उतरायचं. जंक्शनवरून अर्ध्या वेळात पोचशील, पण मध्ये गाडी बदलायची. जिना चढून पलीकडे पळायचं."

"आणि पळताना ताई धडपडली की ग्रंथालयाचा भुगा," माझा धाकटा भाऊ म्हणाला. याला घरात भोंगा म्हणतात. लहानपणी तोंडाने हॉर्न वाजवत घरभर धावायचा म्हणून. आता त्याने खरी गाडी घेतली आहे आणि तिचा हॉर्न त्याला पुरत नाही. "मी नेतो ना! या दारातून त्या दारात. मागची सीट पाडली की मॉडेलची पेटी आरामात बसते."

"तुझ्या गाडीत आरामात काही बसत नाही. मागच्या खेपेला माझी कवळी निसटली."

"बाबा, तो खड्डा होता."

"खड्डा आम्हाला सगळ्यांना दिसत होता. तुला सोडून."

आई खिडकीपाशी बसून झाडं करत होती. माझ्या मॉडेलांमधली झाडं आईची. बारीक तार पिळायची, डिंकात बुडवायची, वर रंगवलेल्या स्पंजचा चुरा भुरभुरायचा आणि चिमट्याने उभं करायचं. तसलं काम माझ्या हाताला जमत नाही, मी लवकर चिडते.

"त्या डोंगरातल्या वाटेला बोगदे लागतात का हो?" तिने विचारलं.

"भरपूर," बाबा म्हणाले आणि पुन्हा भोंग्याकडे वळले. ती का विचारतेय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा हवेत होते.

भांडण मिटवायला मी मला येतो तोच उपाय केला. बाबा मोजपट्टीची गुंडाळी घेऊन स्टेशनवर आणि तिथून पुढे जंक्शनला गेले आणि डब्याचं दार, मधली वाट, जंक्शनचा जिना, सगळं मोजून आले. पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा "मुलीचं ग्रंथालय आहे" एवढंच म्हणाले म्हणे. भोंग्याने गाडीची मागची बाजू मोजली. त्या मापांवरून मी पुठ्ठ्याचा छोटा डबा केला, छोटा जिना केला, छोटी मोटार केली आणि आमच्या पेटीची काडेपेटीएवढी पेटी. मग आम्ही तीन मोठी माणसं जेवणाच्या टेबलावर खेळत बसलो. काडेपेटी जिन्याच्या वळणावर अडकली, जंक्शन बाद. डब्यात मात्र छान बसली. मोटारीतही बसली.

"बघ!" बाबा म्हणाले.

"बघा!" भोंगा म्हणाला.

दोघेही जिंकले, म्हणजे भांडण जिथल्या तिथे. शेवटी मी कंटाळून भोंग्याला होकार दिला.

मंगळवारी दुपारी तो हॉर्न वाजवत गाडी दारात घेऊन आला. आम्ही दोघांनी पेटी उचलली, खोलीच्या दाराशी आणली आणि थांबलो. पेटी आडवी जाईना. उभी करावी तर आतलं सगळं खाली येणार. तिरकी केली तर आत काहीतरी खडखडलं, तशी ती पटकन खाली ठेवली.

आम्ही स्टेशन मोजलं होतं, मोटार मोजली होती. आमच्याच खोलीचं दार कोणी मोजलं नव्हतं.

खरं तर दुसऱ्यांचं मॉडेल मी नेहमी दोन तुकड्यांत करते, मध्ये सांधा ठेवून, नेता यावं म्हणून. पण हे माझं होतं. माझ्या ग्रंथालयाला सांधा नको, असा हट्ट धरून मी सगळं एका फळीवर बांधलं. आता ते त्या खोलीतच म्हातारं होणार होतं.

"चौकट काढू," बाबा म्हणाले.

"भिंतच पाडू," भोंगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून तो गंमत करत नव्हता.

मी मटकन खाली बसले आणि रडले. मग नाक पुसलं आणि बारीक दातांची करवत काढली.

"नदीतून कापते," मी म्हणाले.

माझ्या मॉडेलमध्ये एका काठावर ग्रंथालय, दुसऱ्या काठावर वाचायची बाग आणि मध्ये पूल. मॉडेल पेटीतून काढून पूल अलगद सोडवला. भोंग्याने फळी घट्ट धरली, इतकी की त्याची बोटं पांढरी पडली. बाबांना बघवेना, ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. करवत नदीतून सरकत गेली. इमारतीला ओरखडा आला नाही, पण दोन्ही काठांवरची झाडं एकेक करून कोसळली.

"जोडल्यावर झाडं पुन्हा लावावी लागतील," मी म्हणाले. "तिथेच, टेबलावर. सांधा त्यांनीच झाकला जाईल."

हे कोण करणार? मला तर झाडं जमत नाहीत. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

आईने चिमटा पदराला पुसला. "मोटारीने मी येणार नाही. मला गाडी लागते," ती म्हणाली. "डोंगरातल्या आगगाडीने येईन. खिडकी मिळत असेल तर."

भोंग्याने गाडीची किल्ली खिशात टाकली. बाबा तिकिटं काढायला इतक्या घाईने धावले की चपला उलट्या पायांत घातल्या.

बुधवारी आम्ही दोघी निघालो. अर्धं ग्रंथालय एका पेटीत माझ्या शेजारी, अर्धं दुसऱ्या पेटीत समोरच्या बाकाखाली, आणि आईच्या मांडीवर डबाभर झाडं. बोगदा आला की ती माझं मनगट पकडायची, उजेड आला की हसायची. नदी दिसली की "ही तुझ्या नदीहून रुंद आहे" म्हणायची.

"तुझ्या सगळ्या मॉडेलांत मी झाडं लावली," मध्येच ती म्हणाली, "पण त्यातली एकही इमारत कधी खरी बघितली नाही बघ. कोणत्या गावात असतात त्या?"

मला फार वाईट वाटलं. बघायला येतेस का, असं मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आणि त्याच वेळी मला इतका आनंद होत होता की समोरच्या अनोळखी बाईंनाही मी पेटी उघडून दाखवली.

गुरुवारी सकाळी टेबलावर दोन्ही अर्धे भाग एकत्र आले, पूल बसला आणि आई नदीवर ओणवी झाली. एक झाड, दुसरं झाड. घड्याळाकडे मी बघत होते, ती नाही. दहाच्या आत शेवटचं झाड उभं राहिलं. सांधा मला माहीत होता म्हणून दिसला.

मग आम्हाला बाहेर काढून परीक्षकांनी दार लावलं. मी व्हरांड्यात येरझारा घालू लागले. आई बाकावर बसून बाबांचं वेळापत्रक चाळत होती.

"ऐक ना," ती म्हणाली. "आता पेटी नाही. परत जाताना जंक्शनवरून जाऊ या का? तो जिना बघायचाय मला."

तेवढ्यात दार उघडलं आणि कोणीतरी मला आत बोलावलं. मी वळून आईकडे पाहिलं.

"जा तू," आई माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली. "तिकिटांचं मी बघते."